उलटे बसलेले ब्लॉक

प्रयोगशाळेत सगळे तिला काकू म्हणत. पीएचडीला नाव घातलं तेव्हा ती सदतीस वर्षांची, आणि बरोबरची मुलं चोवीस-पंचविशीची. त्याआधी अकरा वर्षं ती रुग्णालयाच्या तपासणी विभागात होती. मेणात बसवलेल्या अवयवांचे केसाहून पातळ काप काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

विषय तिने घरातूनच उचलला. सासऱ्यांचा जन्म दगड फोडण्यात गेला आणि धुळीने त्यांची फुफ्फुसं कडक झाली. जखम भरली की दुरुस्ती करणाऱ्या पेशींनी थांबायचं असतं. फायब्रोसिस या आजारात त्या थांबत नाहीत, धागे विणतच राहतात आणि फुफ्फुसावर व्रणांचे डाग पडत जातात. यामागे एका विशिष्ट प्रथिनाचा हात असावा असा तिचा संशय होता. नवऱ्याची थट्टा ठरलेली: "डाग काढायला पाच वर्षं? साबण बदलून बघ."

तिसऱ्या वर्षी निकाल हाती आला. ज्या उंदरांत ते प्रथिन बंद केलं होतं, त्यांच्या फुफ्फुसांत व्रण निम्मेच होते. मार्गदर्शक बाई एरवी कौतुकाला कंजूष, पण त्यांनी लगोलग शोधनिबंध लिहून मोठ्या नियतकालिकाला धाडला.

छपाईसाठी चांगली छायाचित्रं निवडताना तिला खटकलं. प्रथिन बंद केलेल्या प्रत्येक कापात श्वासनळीची रुंद फांदी दिसत होती, दुसऱ्या गटात सगळीकडे बारीक. रुंद फांदी फुफ्फुसात वरच्या बाजूला असते, आणि तिथे व्रण मुळातच कमी पडतात. तिने वही काढली. एका गटाची फुफ्फुसं एका दिवशी मेणाच्या ब्लॉकांत बसवली होती, दुसऱ्याची दुसऱ्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी सगळी उलटी बसली होती; म्हणून एका गटाचे काप वरच्या टोकाचे आले, दुसऱ्याचे खालच्या. अक्षर तिचंच होतं. कुणावर ढकलायलाही जागा नव्हती.

दोन दिवस तिने सगळ्या स्लाइड पुन्हा तपासल्या. तिसऱ्या दिवशी ती स्लाइड घेऊन बाईंच्या खोलीत गेली.

"बाई, हा फरक प्रथिनाचा नाही. माझ्या हाताचा आहे."

बाईंनी एकेक स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मग त्यांनी विचारलं, "ब्लॉक किती आहेत?"

"शेहेचाळीस."

"मग बसा कापायला."

निबंध त्याच दुपारी मागे घेतला गेला. पुढे महिनाभर बाई तिच्याशी कामापुरतंच बोलल्या.

सगळे ब्लॉक तिने फुफ्फुसाच्या मध्यापर्यंत पुन्हा कापले. चिठ्ठ्यांवर गटाचं नाव न घालता नुसते आकडे घातले आणि व्रण मोजायला दुसऱ्या विद्यार्थिनीला बसवलं. फुफ्फुसाला इजा करून तीन आठवडे झालेल्या उंदरांत फरक शून्य निघाला. आठ आठवडे झालेल्या उंदरांत मात्र काहीतरी होतं: साध्या उंदरांत व्रण पसरत गेले होते, प्रथिन बंद केलेल्यांत ते होते तिथेच थांबले होते. बुडत्याला काडीचा आधार, एवढंच तिला वाटलं.

घरी सासरे खिडकीशी बसलेले, नाकाला प्राणवायूची नळी. औषध कधी निघेल असं त्यांनी विचारलं तेव्हा तिने आडपडदा ठेवला नाही. याचं औषध व्हायला पंधरा वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही, आणि एकदा पडलेला व्रण याने जात नाही, असं सांगितलं.

सासरे दम घेत घेत म्हणाले, "पडलाय तो राहू दे गं. आहे तेवढ्या श्वासात भागवतो मी. पुढे सरकू नये, एवढं बघा."

दुसऱ्या दिवशी तिने हे बाईंना सांगितलं. बाईंनी प्रबंधाच्या आराखड्यावरचं जुनं शीर्षक खोडलं आणि लिहिलं, व्रण पसरणं कसं थांबतं. त्यावर आणखी तीन वर्षं गेली. निबंध छापून आला, तो लहानशा नियतकालिकात. सासरे मात्र तोंडी परीक्षेच्या चार महिने आधी गेले.

परीक्षेत बाहेरून आलेल्या प्राध्यापकांनी विचारलं की फसलेला निकाल छायाचित्रांसकट प्रबंधात कशाला घातला.

"पुढच्याला तिथेच ठेच लागू नये म्हणून," ती म्हणाली.

त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला.

आता ती त्याच प्रयोगशाळेत शिकवते. नवीन आलेल्यांना पहिला आठवडा काप काढायच्या यंत्राला हात लावू देत नाही. फुफ्फुस हातात देते आणि विचारते, यात वर कुठे आणि खाली कुठे?