चाराने गुणणारा हवालदार

मी साताऱ्याच्या एका शाळेत ड्रिल मास्तर आहे, आणि माझ्या तोंडून निघालेला कोणताही आकडा आमच्या गावात लोक आधी चाराने भागतात. मी आठशे दंड म्हटले की ते दोनशे धरतात. यात त्यांची थोडी फसगत होते, कारण खरे दीडशे असतात. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. पुढचं वाचताना तुम्हीही भागायला बसाल, पण काही आकडे मी खरे लिहिले आहेत.

महाराष्ट्र राज्य होऊन दीड-दोन वर्षं झाली होती. संक्रांत जवळ आली होती. माझा मेहुणा यवतमाळच्या कचेरीत कारकून. त्याचं पत्र आलं. "दाजी, इथून पुढे मुकुटबन नावाचं गाव आहे. तिथला हुतूतूचा संघ दोन वर्षांत कोणाकडून हरलेला नाही. त्यांना शिकवणारा माणूस त्यांना दंड काढू देत नाही, बैठका मारू देत नाही आणि सामन्याच्या आदल्या दिवशी नुसतं झोपवून ठेवतो. म्हणतो, ही ऑस्ट्रेलियाची पद्धत. तुम्ही येऊन बघाच."

दंड न काढता संघ! माझ्या तालमीतल्या मारुतीनेसुद्धा हे ऐकून गदा खाली ठेवली असती. मी त्याच आठवड्यात ट्रंक भरली.

मूर्तिजापूरहून यवतमाळला छोटी गाडी जाते. मूर्तिजापुरात मी गुळगुळीत दाढी करून बसलो. यवतमाळला उतरलो तेव्हा ती पुन्हा करायला झाली होती. वाटेत एका ठिकाणी रुळावर म्हैस उभी होती. ड्रायव्हरने शिट्टी वाजवली नाही. खाली उतरला, तिच्याशी दोन शब्द बोलला, आणि दोघांचं पटल्यावर गाडी पुढे निघाली. दोन्ही बाजूंना कापूस असा फुटलेला होता की आभाळच फाटून शेतात पडलंय असं वाटावं. डब्यातल्या एका म्हातारीने माझ्या पुढ्यात मूठभर बोरं ठेवली. "खा बापू, गाडी काही पळून नाही राह्यली."

यवतमाळहून पांढरकवड्यापर्यंत एस.टी. आणि तिथून पुढे पाटलांनी पाठवलेली दमणी (दोन बैलांची हलकी बसायची गाडी). रस्त्याला खड्डे होते असं म्हणणं अन्यायाचं होईल. खड्ड्यांच्या अधूनमधून थोडा रस्ता होता. बुधवारी दिवस मावळायच्या आत मुकुटबनला पोचलो तेव्हा माझी हाडं जागा बदलून बसली होती.

बळवंतराव पाटील म्हणजे आडवा-उभा सारखाच माणूस. हसले की ओट्यावरची कबुतरं उडायची. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि असा एक ठेचा त्यांनी वाढला की मला थोडा वेळ आजोबा दिसले. जेवताना ते म्हणाले, "गुरुजी, आमचा दौलत हवालदार मोठा करामती. पण रविवारी वणीवाले येऊन राह्यले. हरलो, तं तालीम परत जुन्या वस्तादाच्या हाती. मी तसं सांगून ठेवलं त्याले."

गुरुवारी उजाडताच पडीक वावरात (शेतात) गेलो. बारा गडी उभे होते. त्यांच्यापासून चांगलं दहा पावलं दूर, धुऱ्यावर (बांधावर) एक काळासावळा, काटकुळा, पन्नाशीला आलेला माणूस उभा होता. खाकी अर्धी चड्डी, गळ्यात शिट्टी, हातात लष्करी घड्याळ. हे दौलत हवालदार.

त्यांनी पहिल्यांदा एक चेंडू फेकला. चेंडू कसला, पपई! दोन्ही टोकांना निमुळता, चामड्याचा. गावच्या चांभाराने त्याला इतकी ठिगळं लावली होती की मूळचं चामडं फक्त ठिगळांच्या आठवणीत उरलं असावं. जमिनीवर आपटला की तो कुठे उडेल हे त्याला जन्माला घालणाऱ्यालाही सांगता येणार नाही. गडी त्याच्यामागे धावत होते, वळत होते, झेपावत होते. एकदा चेंडू उंच उडाला आणि पाटलांचा मुलगा वसंता, बावीस वर्षांचा, पुढच्या गड्याच्या पाठीवर गुडघा टेकून वर गेला. मी तपकिरीची डबी काढली, चिमूट ओढली, शिंकलो, डबी खिशात ठेवली, तेव्हा कुठे तो खाली आला, चेंडूसकट. चाराने भागा. तरी मोठीच उडी राहते.

"हुतूतूत चेंडू कुठे असतो, हवालदार?" मी ओरडून विचारलं.

"नसते जी," तिकडून उत्तर आलं. "पण समोरचा गडी कुठं पळन हे तरी कोणाले माहीत असते? हा चेंडू तसाच आहे. बिनभरोशाचा."

मग धावणं. दोनशे पावलं जिवाच्या आकांताने, मग चालायचं, पुन्हा दोनशे. खरी गंमत त्या चालण्यात होती. हवालदार ओरडले, "धरा!" आणि बाराही जणांनी स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली. पंधरा सेकंदांनी, "सोडा!" प्रत्येकाने ठोके सांगायचे. हवालदार त्याला चाराने गुणत. मोजलेला आकडा तीसच्या खाली आल्याशिवाय पुन्हा धावायचं नाही. म्हणजे विश्रांतीसुद्धा मोजून, आणि ज्याच्या त्याच्या काळजाच्या मापाने! आयुष्यभर मी पोरांना शिट्टीवर पळवलं, पण ती शिट्टी माझ्या फुफ्फुसांना विचारून वाजायची. त्यांच्या काळजाला कधी विचारलं नव्हतं. मी तोंड उघडं टाकून उभा राहिलो.

"अठ्ठावीस!" एक गडी ओरडला. "सव्वीस!" दुसरा. "बावीस!" वसंता, छाती पुढे काढून.

त्याच्या नाकपुड्या लोहाराच्या भात्यासारख्या चालल्या होत्या. खोटा आकडा मला वासावरून कळतो. घरचाच माल आहे. मी धुऱ्यावर चढलो. "हवालदार, हे सगळे थापा मारतायत."

"मले माहीत आहे."

"मग तुम्ही स्वतः मनगट धरून का बघत नाही?"

त्यांनी घड्याळाची काच चड्डीला पुसली. "नागपूरले जाऊन आम्ही दीक्षा घेतली, गुरुजी. आता आम्ही बौद्ध. पण त्याच्या आधी काय होतो, हे गाव इसरत नाही. पाटलानं सांगितलं, शिकव, पण दहा पावलं दुरून."

"चेंडू तर तुम्ही सगळे एकच धरता!"

"चेंडूले कोणी इचारत नाही जी."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने, अनसूयाबाईंनी, काळा चहा दिला, गुळाचा. महायुद्धात हवालदार पाण्याचा टँकर चालवत, मिसरच्या (इजिप्तच्या) वाळवंटात. शेजारी ऑस्ट्रेलियन शिपायांची छावणी. त्यांतला बिल नावाचा एकजण घरी मेलबर्नला मोठ्या संघाला शिकवायचा. अठरा-अठरा गड्यांचा, त्याच पपईसारख्या चेंडूचा फुटबॉल, हातानेही आणि पायानेही, आणि खेळायचा पगार मिळायचा. तो रोज शिपायांना वाळूत पळवायचा.

"मी टँकर लावून पाह्यत बसे. एक दिवस त्यानं मलेच पळवलं. थांबलो, तं आला अन् न इचारता माह्यं मनगट धरलं. गुरुजी, मी तवा तीस वर्षांचा होतो. दुसऱ्या जातीच्या माणसानं मह्या हाताले हात लावला, तो पहिलाच. मी हात ओढून घेतला. त्याले वाटलं, दुखलं असन."

अनसूयाबाई चुलीपुढून म्हणाल्या, "तवापासून दुसऱ्याचे ठोके मोजून राह्यले. मह्या भाकरीचे कधी मोजले नाही."

शुक्रवारी सकाळी मीही लंगोट कसून गड्यांत उतरलो. साताऱ्याची लाज राखायला म्हणून दोनशे पावलांच्या सात फेऱ्या मारल्या. बरं, तीन. तिसऱ्या फेरीच्या शेवटी माझ्या पुढे धावणारा वसंता एकदम वाकला आणि काळ्या मातीत पालथा पडला. गड्यांनी त्याला बाभळीच्या सावलीत नेलं. पाटील धोतर सावरत धावत आले.

"हवालदार! माह्या पोट्ट्याचं काळीज फोडून राह्यला काय तू? कायले पाह्यजे हे परदेशी पळणं?"

"पाटील, मनगट धरू द्या, मंग सांगतो."

"दुरूनच सांग!"

"दुरून नाही कळत." हवालदार दहा पावलांवर तसेच उभे होते. त्यांची मूठ घड्याळावर इतकी आवळली होती की मला वाटलं काच फुटेल.

मला काय सुचलं कोण जाणे. मी धापा टाकत धुऱ्यापर्यंत गेलो आणि हात पुढे केला. "माझं बघा. सांगून ठेवतो, बावीसच्या वर नसणार. साताऱ्याचं काळीज आहे."

त्यांनी माझं मनगट धरलं. बोटं थंड होती आणि हलकी. पंधरा सेकंद सगळं वावर गप्प.

"चव्वेचाळीस," हवालदार म्हणाले. "चाराने गुणलं का एकशे शहात्तर. गुरुजी, बसा. बोलू नका."

गडी असे हसले की बाभळीवरचे बगळे उडाले. सावलीत पडलेला वसंताही हसला, आणि मग हसता हसता त्याने तोंड फिरवलं. मी बसलो. चार मिनिटं बोललो नाही. घरच्यांनी हे वाचलं तर पहिल्यांदा याच आकड्याला भागतील, पण तो खरा आहे. ज्या माणसाच्या आकड्यांना गाव चाराने भागतं, त्याच्या काळजाला एकाने चाराने गुणलं होतं आणि उत्तर बरोबर आलं होतं.

दुपारी वसंता माझ्या खाटेशी येऊन बसला. "गुरुजी, चाळीस होते माह्ये. बाबा धुऱ्यापाशी उभे राहून ऐकतात. त्यायच्यासमोर चाळीस कसे सांगू?"

"मग कोणाला सांगशील?"

तो आपलं मनगट चोळत उठून गेला.

शनिवारी सगळ्यांना विश्रांती. रविवारी वणीचे गडी आले, एकेकाची मांडी माझ्या कमरेएवढी. कापूस वेचायचं सोडून आजूबाजूच्या तांड्यांवरून, वस्त्यांवरून माणसं आली होती. पहिल्या डावात वसंता सारखा चढाईवर जात राहिला. विश्रांतीची शिट्टी झाली तेव्हा आम्ही तीन गुणांनी मागे, आणि त्याचे ओठ पांढरे पडलेले.

तो पाण्याकडे गेला नाही. मैदान ओलांडून, ती दहा पावलं चालून, सगळ्या गावासमोर हवालदारांपुढे उभा राहिला आणि त्याने हात लांब केला.

हवालदारांनी तो धरला नाही. त्यांनी पाटलांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाटलांकडे पाहिलं. पाटील खुर्चीतून उठले, तिथवर आले, मुलाच्या लांब केलेल्या हाताकडे बघितलं.

"घड्याळ दे," ते हवालदारांना म्हणाले.

गावाची रीत अशी की वस्तू खाली ठेवायची, मग दुसऱ्याने उचलायची. हवालदार वाकले. पाटलांनी ते खाली पोचू दिलं नाही, हातातूनच घेतलं. "मी काटा पाह्यतो. तू नाडी धर. धरा!"

त्यांचा आवाज एवढा मोठा की वणीच्या गड्यांनीही आपापली मनगटं धरली. "सोडा!"

"चाळीस," हवालदार म्हणाले. "बसवा त्याले. तीसच्या खाली आल्याबिगर आत नाही."

"अन् हरलो तं?"

"तं तालीम वस्तादाची. पण हा बसन."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "बस रे वसंता."

राखीव गडी आत गेला. दुसरा डाव सुरू झाला. तीनचे पाच गुणांनी मागे पडलो. इकडे झाडाखाली बाप काट्यावर डोळा ठेवून आणि हवालदार मनगटावर बोट ठेवून. चौतीस. पुन्हा थोड्या वेळाने, एकतीस. लोक ओरडत होते, "सोडा त्याले!" पाटीलच कडाडले, "गप बसा! एक बाकी आहे अजून!"

मग अठ्ठावीस.

वसंता आत गेला तेव्हा वणीचे ते मांडीवाले जिभा बाहेर काढून उभे होते. आमचे बाकीचे गडी दोन वर्षं मोजून थांबायला शिकले होते, त्यामुळे अजून उभ्या पायांवर होते. वसंता बिनभरोशाच्या चेंडूसारखा त्यांच्यात शिरला. शेवटच्या चढाईत चौघांनी त्याला धरलं. त्याचा हुतूतूचा दम इतका चालला की मी पुन्हा तपकीर काढली. चौघांना ओढत त्याची बोटं रेषेवर पडली.

आम्ही दोन गुणांनी जिंकलो.

पाटलांनी हवालदारांना घड्याळ परत दिलं, हातातच. एवढंच म्हणाले, "एक मिनिट मागं आहे तुहं घड्याळ." आणि घरी निघून गेले.

त्या दुपारी वावरातच रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी झाली. पंगत बसली. हवालदारांचं पान शेवटी होतं, बाकीच्यांपासून जरा सुटंच. मी माझं पान उचलून त्यांच्याशेजारी नेलं, आणि जाता जाता अंतर पावलांनी मोजलं. चार. गुरुवारी दहा होती.

"गुरुजी, काहून इकडे?" हवालदार म्हणाले.

"ठेच्याने जीव गेला तर मनगट धरायला कोणीतरी जवळ हवं."

परतीच्या छोट्या गाडीत तीच बोरंवाली म्हातारी भेटली असती तर मी तिला सांगितलं असतं की मुकुटबनची माणसं बारा फूट उडतात आणि तासभर दम धरतात. पण डब्यात एकटाच होतो. सांगायला कोणी नसलं की माझा मोठा गोंधळ होतो. मग सहज मी डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे पाहत बसलो.

दुसऱ्या सोमवारी शाळेच्या मैदानावर पोरं पळवून झाल्यावर मी रांगेतल्या पहिल्याचं मनगट धरलं. मग दुसऱ्याचं. तिसरा भंगीवाड्यातला, त्याने हात मागे घेतला. मला वाटलं, दुखलं असेल. मग आठवलं, आणि मी हात तसाच पुढे ठेवून वाट पाहिली. त्याने दिला.

त्याचे तेहतीस होते. मी त्याला बसायला सांगितलं.

आणि गाडीत माझे अठरा भरले होते. चाराने गुणलं की बहात्तर. याला भागू नका.