तू सोडून गेलास

मित्रावर मी लिहिलेलं रॉक गाणं फार चांगलं झालंय, असं मला मनापासून वाटत होतं. आज त्याची लाज वाटते.

तो दिग्रसला कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात कामाला होता आणि आमच्या बँडचा ड्रमर होता. बँड म्हणजे तरी काय, आम्ही दोघंच. कापसाचा हंगाम संपला की शेड रिकामं पडायचं. मालकाच्या मागे लागून लागून त्यानं तिथं सरावाची परवानगी मिळवली होती. मोठा ड्रम फार घुमतो म्हणून त्यात त्यानं रुई ठासून भरली. त्याचा हात तयार झाला होता जयंतीच्या मिरवणुकीत, त्यामुळे रॉक वाजवतानाही गडी मध्येच ढोलकीच्या ठेक्यावर घसरायचा. मी चिडायचो, तो दात काढायचा.

पुढे मी नोकरीसाठी पुण्याला गेलो. गेल्या वर्षी काविळीनं तो चार दिवसांत गेला. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

वर्षभरानं त्याच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम ठरला. बुद्धवंदनेनंतर गाणी होतात, आणि जे गायचं ते आधी घरच्यांना ऐकवायचं, अशी त्याच्या वस्तीची रीत. म्हणून सकाळीच गिटार घेऊन त्याच्या आईकडे गेलो. मावशी तूर पाखडत होत्या. ‘मला एकट्याला टाकून तू सोडून गेलास’ हे धृपद मी अगदी घसा ताणून म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल अशी, खरं सांगतो, माझी अपेक्षा होती.

त्यांनी सूप खाली ठेवलं.

“कोण कोणाले सोडून गेलं, बाबू? तो तं इथंच होता. तूच गेलता. दर इतवारी ड्रम पुसून ठेवे. म्हणे, येतेच तो.”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. चाल चांगली आहे, संध्याकाळी म्हण, असंही त्या म्हणाल्या आणि पुन्हा पाखडायला लागल्या. मला तिथून उठवेना.

संध्याकाळी सगळी वस्ती जमली होती. मी गायला उभा राहिलो. धृपद आलं तेव्हा मावशी माझ्याकडेच बघत होत्या.

‘तुला एकट्याला टाकून मी सोडून गेलो,’ मी म्हटलं. त्यापुढचं मला गाता आलं नाही.