बर्वेकाका दात मोजायचे

तेरेझा आणि मी भेटलो की एकच किस्सा सांगून थांबणं जमत नाही. मी सुरुवात करते, ती मध्येच "खोटं!" म्हणते, मग तिचं खरं ऐकून घ्यावं लागतं, आणि त्यातून तिसरंच काहीतरी निघतं. असे हे किस्से वाढत जातात. तिला माझ्या आठवणीवर संशय, मला तिच्या! पण त्यात आमचा दोष नाही. ज्या शेतात आम्ही पोरांचे खेळ घ्यायचो, तिथं संशय हाच मुख्य खेळ होता. बाकीचे खेळ त्याच्या निमित्तानं.

दारूबंदीचे दिवस होते ते. अंधेरी पूर्वेला, मरोळकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची चाळ, आणि चाळीच्या मागं तेरेझाच्या वडलांचं भातशेत. कापणी झाली की ते पावसाळ्यापर्यंत मोकळं. मी नुकतीच प्राथमिक शाळेत शिकवायला लागले होते, तेरेझा टायपिंग शिकत होती. पोरांचे वाढदिवस कुणाच्याच एका खोलीत मावेनात, म्हणून आम्ही दोघींनी टूम काढली: महिन्यातले सगळे वाढदिवस एकाच रविवारी, दुपारी चार वाजता, शेतात. पोरांना ते इतकं आवडलं की पुढं वाढदिवस असो नसो, दर रविवारी चारला पोरं हजर! पाच वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंत, चाळीतली आणि तेरेझाच्या गावठाणातली, सगळी एकत्र. सामान घराघरांतून गोळा केलेलं, बक्षीस म्हणजे हाताला लागेल ते.

आणि पंच म्हणजे आमच्या शेजारचे बर्वेकाका. रेल्वेत तीस वर्षं तिकीट तपासनीस. काका रिटायर झाले, नजर झाली नव्हती. समोरच्याकडं असे बघायचे की आपण विनातिकीट जन्माला आलोय की काय असं वाटावं! पहिल्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, "मी कुणावर आरोप करत नाही. मी फक्त सगळ्यांकडे बघतो."

*

पहिला नियम असा होता: सात वर्षांपर्यंतच्या पोरांनी दहा पावलं पुढून पळायचं.

आमच्या चाळीतल्या कुसुमताईंचा बंडू दहा पावलं पुढं जाऊन उभा राहिला. मागच्या वर्षीही तो तिथंच उभा होता. त्याच्या मागच्या वर्षीही!

काकांनी शिट्टी तोंडातून काढली. "ह्याचं वय?"

"सात पूर्ण व्हायचीत अजून," कुसुमताई म्हणाल्या.

"आ कर रे." काकांनी बंडूची हनुवटी धरून उजेडाकडं वळवली आणि दात मोजायला सुरुवात केली. वरचे झाले, खालचे झाले, दाढा झाल्या. "कुसुमताई, हा फुल तिकिटाच्या वाटेवर आहे."

"अहो, पोराच्या दातांवरून काय ठरवता? अंगानं भरलाय तो!"

"दात राहू द्या. त्यालाच विचारू. बंडू, घाबरू नकोस. वय किती तुझं?"

बंडूनं एकदा काकांकडं बघितलं, मग आईकडं वळून अगदी मनापासून विचारलं, "आई, आज किती सांगायचं?"

*

लिंबू-चमच्याच्या शर्यतीत लिंबं आमची, चमचा ज्यानं त्यानं घरून आणायचा. एवढे चमचे आणणार कुठून?

पमा पाच वर्षांची. चाळीच्या टोकाच्या खोलीतली, सगळ्यात लहान. शिट्टी झाली, मोठ्या पोरांची लिंबं टपाटपा पडली आणि पमा आपली सावकाश चालत पहिली आली.

काकांचे डोळे बारीक झाले. "लिंबू चिकटवलंय."

त्यांनी लिंबाचा वास घेतला, उलटंसुलटं केलं, बोटानं पुसलं. गूळ नाही, डिंक नाही. मग त्यांचं लक्ष पमाच्या हाताकडं गेलं. तिच्या हातात आमटी वाढायचा डाव होता! त्यात दोन लिंबं बसली असती.

"हा चमचा आहे?"

"आमच्याकडं मोठा चमचा हाच आहे," पमा म्हणाली.

काकांनी खूप विचार केला, पण चमचा केवढा असावा हे आम्ही कुणीच ठरवलं नव्हतं. बक्षीस पमाला गेलं.

पुढच्या रविवारी अकरा पोरं अकरा डाव घेऊन आली. चाळीत हाकाटी उठली, सगळ्या आया एकमेकींच्या मोलकरणींवर संशय घेऊन बसलेल्या! फक्त बंडू हिरमुसून उभा होता. त्याला डाव सापडला नव्हता. घाईत त्यानं देव्हाऱ्यातली आचमनाची पळी उचलून आणली होती.

*

पोत्यांच्या शर्यतीला पोती तेरेझानं वाण्याकडून मागून आणली होती. सहा पोती, सहा पोरं.

बंडू तोपर्यंत कधी काही जिंकला नव्हता. त्या दिवशी शिट्टी झाली आणि दहा-बारा उड्यांत तो असा सुटला, असा सुटला, की बाकीची पोरं जागच्या जागी थांबून बघत राहिली! एकेक उडी दोन हात. रेषेशी पोचला आणि थांबलाच नाही. पोत्यासकट शेताचा बांध ओलांडला, विहीर मागं टाकली आणि पलीकडच्या म्हशींच्या डबक्यात धपकन बसला.

"फाऊल!" काका ओरडले. "पोतं फाडलंय. पाय बाहेर आहेत त्याचे. पुरावा आणा!"

मी आणि तेरेझानं बंडूला डबक्यातून काढलं. पोतं काढताच तो पुन्हा पाण्यात उतरून दोन्ही पायांनी नाचायला लागला. पोतं धड होतं. काकांनी ते ताब्यात घेतलं, शिवण तपासली, तळ तपासला, आणि खात्री करायला पोत्यात मान घालून दीर्घ श्वास घेतला.

त्यानंतर पाच मिनिटं त्यांना बोलता आलं नाही. शिंकाच शिंका!

"तेरेझा," डोळे पुसत ते शेवटी म्हणाले, "वाण्याला विचार, लाल मिरचीची पोती किती दिलीस म्हणून."

*

एकदा मात्र संशय आमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसला.

खजिन्याचा खेळ होता. मी सकाळी जाऊन चिठ्ठ्या लपवल्या: आंब्याच्या ढोलीत, विहिरीच्या रहाटाखाली, गवताच्या गंजीत, अशा सात ठिकाणी. कुठं ठेवल्या हे फक्त तेरेझाला सांगितलं. एक मोठं पोर वाचायला, एक छोटं पळायला, अशा जोड्या लावल्या. तेरेझाचा पुतण्या लॉरेन्स तेरा वर्षांचा, त्याच्या जोडीला पमा. बाकीच्या जोड्या पहिल्या चिठ्ठीपाशी डोकं खाजवत असताना ही दोघं खजिना घेऊन परत!

काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "चिठ्ठ्यांची माहिती कुणाकुणाला होती?"

 मी तेरेझाकडं बघितलं, आणि तिनं मला बघताना बघितलं.

"शकू, मी माझ्या पुतण्याला सांगितलं असं वाटतं तुला?"

"मी कुठं तसं म्हटलं?"

"म्हटलं नाहीस. बघितलंस."

ती निघून गेली. सोमवारी आली नाही, मंगळवारी नाही, बुधवारी मी तिच्या दारावरून गेले तर तिनं खिडकी लावून घेतली.  लॉरेन्स तर शपथा घेत होता.

शनिवारी मी पमाला गाठलं. "पमे, खरं सांग. चिठ्ठ्या कुठं आहेत ते कोणी सांगितलं?"

"तूच."

"मी?"

"तुझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटलाय ना? मातीत तो फरफटतो. आम्ही रेघेवरून गेलो." मग जरा थांबून म्हणाली, "लॉरेन्सदादानं चिठ्ठ्या वाचल्याच नाहीत. त्याला तुझं अक्षर लागत नाही."

मी तशीच तेरेझाकडं गेले आणि दारातच सगळं सांगितलं.  ती आत गेली. मला वाटलं, संपलं! ती बाहेर आली ती हातोडी आणि मूठभर बारीक चुका घेऊन.

"काढ ती चप्पल," म्हणाली.

*

मडकं फोडायचा खेळ होता तेव्हाची गोष्ट. चिंचेच्या फांदीला मडकं टांगलेलं, तोंडाला फडकं बांधलेलं, भोवती पोरं. एवढ्यात रस्त्यावरून जाणारा हवालदार सायकल टेकवून आत आला. त्या दिवसांत आमच्या भागात कुठं मडकं दिसलं की पोलिसांना हातभट्टीचा वास यायचा.

"काय आहे त्याच्यात?"

"खाऊ," मी म्हटलं.

"खाऊला झाकण कशाला?"

 "फोडा," त्यानं हुकूम सोडला.

बर्वेकाका पुढं आले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यापेक्षा संशयी माणूस त्यांना भेटला होता! पण नियम म्हणजे नियम. "डोळे बांधल्याशिवाय मडकं फोडता येत नाही," ते म्हणाले.

"मी ड्यूटीवर आहे."

"मी पण," काका म्हणाले.

 शेवटी हवालदारानं टोपी काढून लॉरेन्सकडं दिली आणि खाली बसला. काकांनी स्वतः त्याचे डोळे बांधले, बोटं नाचवून खात्री केली, तीनदा गरगर फिरवला. पहिला फटका चिंचेला बसला. दुसरा काकांना बसता बसता राहिला. पोरं नुसती किंचाळत होती, "डावीकडं! मामा, डावीकडं!" तिसऱ्या फटक्याला मडकं फुटलं आणि चुरमुरे आणि खारे दाणे त्याच्या डोक्यावरून खांद्यावर, खांद्यावरून जमिनीवर.

त्यानं पट्टी सोडली. खांद्यावरचा एक दाणा उचलून तोंडात टाकला. सावकाश चावला. मग काकांकडं बघून म्हणाला, "खारे दाणे तर इथं आहेत. बाकीचं कुठं ठेवलंय?"

*

आता शेवटचा. हा तेरेझालाही अर्धाच माहीत आहे.

संगीत खुर्चीला आमच्याकडं खुर्च्या नव्हत्या, संगीतही नव्हतं. खुर्च्यांच्या जागी विटा. संगीत म्हणजे काकांचं पितळी ताट. रस्त्याकडं तोंड आणि खेळाकडं पाठ करून ते ताट मांडीवर उभं धरून बसायचे आणि लाटण्यानं वाजवायचे. "पाठ केली की पक्षपाताचा प्रश्न नाही," म्हणायचे. वाजायचं थांबलं की पोरांनी विटेवर बसायचं. आदल्या दिवशी ते ताट स्वतः चिंच लावून घासायचे, काकूंना हात लावू द्यायचे नाहीत.

पण कुसुमताईंना संशय आला. "निकाल ठरलेला असतो, शकू. एवढी चपळ पोरं सोडून भलतीच जिंकतात. तू लक्ष ठेव."

मी आणि तेरेझा आठवायला बसलो. लॉरेन्स जिंकला तो त्याच्या आईकडच्या आजीला पुरल्यानंतरच्या रविवारी. पमा जिंकली तेव्हा तिची आई दवाखान्यात होती. बंडू जिंकला तो सहामाहीत गणितात नापास झाला त्या आठवड्यात. चाळीतली वसू जिंकली तेव्हा तिचे वडील नोकरी सुटून घरी बसले होते.

"योगायोग," तेरेझा म्हणाली.

"चार वेळा?"

त्या रविवारी मी काकांच्या मागं येऊन उभी राहिले. पमा बाद होऊन त्यांच्याशेजारीच बसली होती. तिनं माझा पदर ओढला आणि कुजबुजली, "ताई, ताटात सगळी दिसतात."

मी वाकले. पितळेत इवलीइवली पोरं गोल फिरत होती. एकूण एक.

काकांनी मान वळवली नाही. लाटणं चालूच होतं.

घरी जाताना कुसुमताईंनी गाठलं. "काय, सापडलं काही?"

"नाही हो," मी म्हटलं. "पाठ करूनच बसतात."

पुढच्या रविवारी काका अचानक म्हणाले, "आज मोठ्यांची एक फेरी." पोरांनी आरडाओरडा करून आम्हाला ढकललं. कुसुमताई, तेरेझा, मी आणि आणखी दोघीतिघी. मी कसली खेळतेय! माझे पायही जड होते त्या दिवशी. पण एकेक करत सगळ्या बाद झाल्या आणि राहिलो तेरेझा आणि मी, मध्ये एक वीट. तेरेझाचे पाय माझ्या दुप्पट लांब. ती विटेसमोर आली, ताट वाजतच राहिलं. ती पुढं गेली. ताट वाजतच राहिलं. मी विटेसमोर आले.

ताट थांबलं.

मी बसले.

"काका, फाऊल!" तेरेझा ओरडली.

"फाऊल नाही," काका म्हणाले. उठून माझ्यापाशी आले आणि माझ्या ओंजळीत बोरं ओतली. एकदा माझ्याकडं बघितलं, फार वेळ नाही.

आदल्या गुरुवारी शाळेच्या पत्त्यावर मला एक पत्र आलं होतं. ज्याच्या पत्राची मी वर्षभर वाट बघत होते, त्याचं. दोन ओळींचं. त्याचं लग्न ठरल्याचं. मी ते तिथंच शाळेतल्या चहाच्या शेगडीत टाकलं होतं. घरी कुणाला बोलले नव्हते. तेरेझालाही नाही.

काका पुन्हा पाठ करून बसले, ताट मांडीवर घेतलं. "चला, आता छोटी पोरं! विटा मोजून घ्या रे. एक कमी हवी."