संघमित्राचा बसस्टॉप

मुलुंड पूर्वेला संघमित्रा पाईकरावला ओळखत नाही असा गॅरेजवाला शोधून सापडणार नाही. नोकरी विमा कंपनीत, जीव मात्र गाड्यांत. मागून गाडी गेली की न वळता सांगेल, डिझेल की पेट्रोल, आणि मालक क्लच कसा जाळतोय तेही. स्वतःकडे जुनी मारुती एट हंड्रेड. कुणी हसलं की ऐकवायची, "अर्ध्या देशाला या गाडीने गिअर टाकायला शिकवलं. हसायचं तर पायी चालत हस."

टाटाच्या दाराचा धप्प आवाज तिला आवडतो, होंडाचं इंजिन ऐकलं की चेहरा खुलतो. पण हल्लीच्या गाड्यांतले ते टीव्हीएवढे पडदे दिसले की डोकं फिरतं. एसी वाढवायला रस्त्यावरची नजर काढायची, आणि याला म्हणे प्रगती. गाडी भंगारात काढायची तर तब्येत बघून काढा, वय काय बघता, यावर ती कुणाशीही तासभर भांडेल. आणि सगळ्यांना खटकणारं मत म्हणजे, गाडीवर खरं प्रेम असेल त्याने ती रोज ऑफिसला नेऊ नये. गाडी रविवारची, सोमवारी बस. सगळ्यांनीच गाड्या काढल्या तर चालवणार कुठे, एकमेकांच्या टपावर?

तिची आई राधाबाई तर लेकीच्या गाडीत पायच ठेवत नाही. बंद गाडीत तिला मळमळतं. बसमध्ये खिडकीशी बसली की ठणठणीत. दर आठवड्याला ती गोवंडीला बहिणीकडे जाते, गेटबाहेरच्या स्टॉपवरून. गुडघे गेलेत, पण तेवढं अंतर निघतं.

नेमका तोच स्टॉप सोसायटीच्या डोळ्यांत खुपायला लागला. जुनी बिल्डिंग पाडून टॉवर झाला तसे लोकांनी उंच, लांब गाड्या घेतल्या. गेट होतं तेवढंच राहिलं. गेटच्या अलीकडे बस उभी असली की यांच्या गाड्या आत वळेनात. सेक्रेटरी निलेश तावडेने सात सीटची नवीकोरी आणली, सीटवरचं प्लॅस्टिकही निघालं नव्हतं, आणि पहिल्याच आठवड्यात गेटच्या खांबाला दार घासलं. दोष अर्थात स्टॉपचा. मीटिंग झाली, स्टॉप चौकापलीकडे हलवायचा अर्ज गेला. संघमित्राने विरोध केला तेव्हा एकाने विचारलं, मॅडम, तुम्ही गाडीवाल्यांच्या की बसवाल्यांच्या? ती इतकी भडकली की मीटिंग तिथेच आटोपली.

राधाबाई मात्र शांत होती. "जाऊ दे गं मित्रा," ती म्हणाली. "चौकापर्यंत काय माझ्याच्यानं जाववत नाही. बोलत जाईन फोनवर बहिणीशी."



पाहणीला बसखात्याच्या एक अधिकारी बाई आल्या. शांतपणे सगळ्यांचं ऐकत होत्या. निलेशने पुराव्यादाखल स्वतःची गाडी काढली. बस स्टॉपवर लागल्याबरोबर तिला ओलांडून त्याने नाक गेटमध्ये खुपसलं. अडकला. मागे घेतली, पुन्हा खुपसली, पुन्हा अडकला. सेन्सर टीं टीं करत होता, मागून हॉर्न. काच खाली करून तो म्हणाला, बघितलंत ना? बाईंनी मान डोलावली, आणि संघमित्राला कळलं की आता बोलून काही होणार नाही.

"निलेश, उतर. चावी दे."

"ताई, ही तुमची एट हंड्रेड नाही."

"म्हणूनच मजा येईल." मग ती बाईंकडे वळली. "बस उभी असताना एका दमात आत घातली, तर स्टॉप इथेच राहू द्या. गाडी खरचटली तर यांच्या अर्जावर माझीही सही."

बाई म्हणाल्या, दाखवा तर खरं. बसच्या ड्रायव्हरनेही इंजिन बंद केलं. एवढी करमणूक सोडून कोण जातंय.

संघमित्रा आत बसली. गाडी घासली तर आईचा गोवंडीचा रस्ता तिच्याच हाताने बंद होणार होता. डावीकडे बघितलं आणि ती थांबलीच. डावा आरसा मिटलेला.

"हा कधीपासून मिटलाय?"

"पहिल्या दिवसापासून. बाइकवाले ठोकतात ना."

"म्हणजे अर्धा रस्ता तुला दिसतच नाही, आणि हलवायचा बसस्टॉप?"

बसमधले लोक हसले. तिने आरसा उघडला, स्वतःपुरता नीट केला, अडकलेलं नाक मागे घेऊन गाडी रस्त्यावर सरळ केली. मग गेटकडे वळायचं सोडून सरळ पुढे गेली. निलेश ओरडला, अहो, गेट मागे राहिलं. ते तिला ठाऊक होतं. वळतात ती पुढची चाकं, त्यामुळे लांब गाडी चिंचोळ्यात नाकाने शिरत नाही, पाठीने शिरते. गेट ओलांडून ती थांबली, रिव्हर्स टाकला, डाव्या आरशात खांब धरला आणि स्टिअरिंग पूर्ण कापलं. सेन्सर बोंबलायला लागला, तिने लक्ष दिलं नाही. गाडीची पाठ गेटमध्ये सरकली, बॉनेट रस्त्यावरून झुलत आलं, खांबाच्या कडेने अलगद फिरलं. गाडी आत. कुठे ओरखडा नाही.

बसमधून टाळ्या पडल्या. वॉचमननेही वाजवल्या, मग निलेशकडे बघून हात खाली घेतले. बाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, स्टॉप हलवण्यासारखं मला इथे काही दिसत नाही.

चावी परत देताना संघमित्रा निलेशच्या कानाशी म्हणाली, "गाडी झकास आहे रे तुझी. चालवायला शीक."

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. पण पुढच्या रविवारी तोच प्लॅस्टिक काढलेल्या गाडीसह खाली उभा होता, मागे आणखी तिघे. तेव्हापासून दर रविवारी गेटवर शिकवणी चालते आणि संघमित्राचा आवाज सहाव्या मजल्यापर्यंत येतो. राधाबाई स्टॉपवर बसून मोठ्या माणसांची फजिती बघते. गोवंडीची बस समोर येऊन उभी राहते, ती हाताने पुढे जा म्हणून खुणावते आणि पुढच्या बसची वाट बघते.