पिवळ्या घराचं दार

गाण्यात ओलेटा रॅटलिफचं घर आलं आणि तिच्या डोक्याला ताप झाला. "डोंगरपायथ्याचं पिवळं घर, पुढचं दार सदा उघडं, खिडकीत ॲपल पाय निवतोय," असा गावचाच टॅनर स्लोन रेडिओवर गळा काढायचा, आणि कुठकुठली माणसं मोटारी काढून केंटकीतल्या या आडगावात यायची. परवा तर कहर झाला. ओलेटा आंघोळ करून केस पुसत बाहेर येते, तर एक अनोळखी बाई तिच्या स्वयंपाकघरात फोटो काढतेय!

"दार उघडंच होतं हो," बाई म्हणाली. "गाण्यात म्हटलंय तसं."

"गाण्यात मी आंघोळीला गेलेली नसते," ओलेटा म्हणाली. "निघा."

त्याच दिवशी तिनं पुढच्या दाराला कुलूप बसवलं. शेजारच्या वांडाला ते मुळीच पटलं नाही.

"अगं, गावाचं नाव झालं, चौकात टॅनरच्या नावाची पाटी लागली. जरा हसून दार उघडलंस तर तुझं काय झिजतं?"

"दुसरं कडवं ऐकलंस का तू?"

ऐकलं होतं वांडानं. सगळ्या गावानं ऐकलं होतं. दुसऱ्या कडव्यात टॅनरचा बाप डेल्बर्ट त्याच घराच्या ओसरीवर बसून पोराला गिटार शिकवायचा, आणि त्याच्या राकट हातांत म्हणे मायाच माया होती.

माया! त्या हातांचे वळ ओलेटानं पोराच्या पाठीवर पाहिले होते. लाकडाच्या गिरणीत पगार झाला की डेल्बर्ट पिऊन यायचा आणि कंबरेचा पट्टा सोडायचा. पोरगं अनवाणी मक्यातून पळत यायचं, ते ओलेटाच्या मागच्या दारानं. त्याच्यासाठी तिनं त्या दाराची कडी कधी लावली नाही. ॲपल पाय कुठला आलाय? मक्याची भाकरी ताकात कुस्करून द्यायची, तीच तो हुंदके देत खायचा. गिटार होती तिच्या नवऱ्याची, व्हर्ननची. पोराचं रडं थांबावं म्हणून व्हर्ननच त्याची बोटं तारांवर धरून बसायचा. आता व्हर्नन मातीत आणि त्याचं पुण्य डेल्बर्टच्या नावावर! आणि गाव? रविवारी चर्चमध्ये त्याच डेल्बर्टशी हात मिळवायचं, आणि आता त्याच्या मायेवर ताल धरतंय. ओलेटाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शनिवारी टॅनर स्वतः आला. नवी कोरी हॅट, मागे कॅमेरेवाले. दाराची मूठ फिरवून ढकललं, तर दार हलेना. त्याला ठोठावावं लागलं.

"कोण आहे?"

"मी गं मावशी, टॅनर! हे कुलूप कसलं? मला आत येताना दाखवायचंय, पूर्वीसारखं."

ओलेटानं दार उघडलं, पण उंबरठा सोडला नाही. पोरगं बापासारखंच उंच झालं होतं. क्षणभर तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि त्याचाही तिला राग आला.

"पूर्वीसारखं यायचंय? मग इथं काय करतोयस? या दारानं तू कधी आलास रे?"

टॅनरचं हसू ओठांवरच राहिलं. "मावशी, जाऊ दे ना. बाप आता नाही. आणि लोकांना असंच आवडतं."

"व्हर्ननही नाही. त्याचं नाव घालायला तुझ्या गाण्यात जागा नव्हती?"

कॅमेरेवाल्यानं उत्सुकतेनं विचारलं, "मागे काही आहे का? तिकडून घेऊ या?"

टॅनरनं घराच्या बाजूनं जाणाऱ्या पायवाटेकडे पाहिलं. मग हॅट सारखी केली.

"मागे काही नाही," तो म्हणाला. "नुसतं स्वयंपाकघर आहे."

ओलेटानं त्याच्या तोंडावर दार लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी किल्ली फिरवली. गाड्या गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली आणि मागच्या दाराची कडी काढलेली आहे ना, ते तिनं हात लावून पाहिलं. गावात तसले बाप काही संपले नव्हते.