बिब्बा उतला

आषाढाची झड चौथ्या दिवशीही थांबली नव्हती. सिहोऱ्याजवळच्या टोलीवर, त्या लहानशा वस्तीवर, लक्ष्मणरावांच्या भाताच्या बांधीत रोवण्याच्या बाया उजाडताच उतरल्या होत्या. पऱ्ह्यांच्या, भाताच्या रोपांच्या, पेंढ्या चिखलात जागोजागी फेकून झाल्या, लुगडी गुडघ्यावर खोचली गेली, आणि दरवर्षीसारखी रांगेच्या डोक्याशी मनकर्णाबाई वाकली. पंचवीस वर्षं ती रोवत आली होती. तिची रांग दोरी न लावता सरळ जायची. पण यंदा, त्र्याऐंशी सालच्या या रोवण्यात, तिच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत फडकं गुंडाळलेलं होतं, ती डाव्या हातानं रोवत होती, आणि तिच्या शेजारी कुणी उभं राहायला तयार नव्हतं.

सकाळीच रांगेतल्या सुशीलानं पाण्याची पितळी गुंडी उचलून दुसऱ्या धुऱ्यावर, पलीकडच्या बांधावर, नेली होती. का ते दोघींना ठाऊक होतं.

पंधरा दिवसांपूर्वी मनगटाच्या वर एक गोल चट्टा उठला, कडेला लाल आणि मधे फिकट. बायांनी तो पाहिला आणि कुजबुज सुरू झाली. मनकर्णाबाईला कुजबुजीचं भय नव्हतं, त्यानंतरच्या गोष्टीचं होतं. तिचं माहेर नाकाडोंगरीकडचं. ती सात वर्षांची असताना आईच्या पाठीवर असाच फिकट डाग निघाला, महारोग ठरला, आणि आईला जंगलाच्या कडेला झोपडी बांधून दिली गेली. मनकर्णा भाताची थाळी तिथल्या दगडावर ठेवायची आणि मागं न पाहता परत फिरायची. तसं सांगितलेलंच होतं तिला.

म्हणून तिनं नवऱ्याला, सोमाजीला, डास चावला म्हणून सांगितलं. भर दुपारी घर रिकामं पाहून बिब्बा सुईला टोचला, दिव्यावर धरला आणि तेल चट्ट्यावर टिपलं. पायाच्या भेगा बिब्ब्यानं बुजतात, तर चट्टाही जळून जाईल, असा तिचा हिशेब. तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला. हात कोपरापर्यंत सुजला, फोड आले, पाणी गळू लागलं. बोटभर चट्टा होता, तो आता सगळ्या टोलीला दिसेल एवढा झाला.

लक्ष्मणरावांनी आदल्या दिवशी बजावलं होतं की तपासून घे, नाहीतर परवापासून येऊ नको. त्यांनीच इश्वरला निरोप धाडला. इश्वर सरकारचा माणूस, सायकलवर गावोगाव फिरून महारोगाचे चट्टे तपासणारा. दहाच्या सुमारास त्याची सायकल धुऱ्याला टेकली आणि बांधीतले सगळे हात थांबले.

त्यानं फडकं सोडवलं, नाक वाकडं न करता हात उलटापालटा पाहिला.

"काकू, बिब्बा लावला ना?"

"नाही."

"खोटं नोका बोलू. माह्या मायनंही लावला होता."

तिनं मान खाली घातली. इश्वर म्हणाला की या सुजेखाली आता काहीच कळणार नाही, अंगावर दुसरा चट्टा असला तर तो दाखवा. दुसरा होता. नेसणाच्या गाठीखाली, कंबरेला. तो तिनं सोमाजीलाही दाखवला नव्हता. नाही म्हणावं तर संशय राहतो. दाखवावा आणि तिथं स्पर्श कळला नाही, तर जंगलाच्या कडेची झोपडी.

"कंबरेले आहे," ती शेवटी म्हणाली.

बैलगाडीच्या आडोशाला रांगेतल्या जनाबाईनं लुगड्याचा पदर आडवा धरला. पाठमोरी का होईना, सुशीलाही येऊन उभी राहिली. इश्वरनं खिशातून कापूस काढला, त्याची बारीक वात केली.

"डोळे मिटा. कापूस लागंल तिथं बोट ठेवा."

पहिल्यांदा तिनं बोट ठेवलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही. मग काही नाही. पाऊस गाडीच्या चाकावर पडत होता. मनकर्णाबाईनं श्वास धरला, चामडीत कान घालून ऐकावं तशी वाट पाहिली. काहीच लागत नव्हतं.

"लागला का?" इश्वरनं विचारलं.

बोट ठेवून द्यावं कुठंतरी, असं मनात येऊन गेलं.

"नाही," ती म्हणाली.

"मी लावलाच नव्हता. उघडा डोळे."

मग त्यानं तिचा डावा कोपर चाचपला, महारोगात जाड होते ती मागची शीर तशी नाही ना ते पाहिलं.

"खाजते का कंबर?"

"रातदिवस खाजते, भाऊ."

"खाजते तेच बरं. मोठ्या रोगाचा चट्टा खाजत नाही. तिथं सुई टोचली तरी समजत नाही. हे गजकर्ण आहे. हातावरचाही तोच असंल, सूज उतरली का पाहू. लुगड्याची वल्ली गाठ दिवसभर आंगाले राहते, त्यानं होते. आन् मोठा रोग असता तरी आता गोळ्या आहेत. कोणाले गावाबाहेर बसवा लागत नाही."

शेवटच्या वाक्याशी मनकर्णाबाईनं तोंड फिरवलं.

इश्वरनं मग सगळं समजावलं. बिब्बा पुन्हा नाही. हाताला गार पाण्याची पट्टी, फोड फोडायचे नाहीत. ताप आला, पू झाला किंवा तोंड-डोळे सुजले तर तडक दवाखाना. कंबरेला गजकर्णाचं मलम दोन वेळा, चट्ट्याच्या कडेबाहेर बोटभर, आणि चट्टा गेला तरी आणखी दोन आठवडे. घरी जाताच वल्लं लुगडं सोडायचं, अंग कोरडं पुसायचं, आपलं फडकं दुसऱ्याला द्यायचं नाही.

जनाबाई पदर धरूनच होती. "भाऊ," ती हळूच म्हणाली, "वल्ल्या गाठीचं मनता... तर मलेही थोडं आहे." मग सुशीलाचा हात आपसूक कंबरेशी गेला. बांधीतून आणखी दोघी चिखलाचे पाय घेऊन आल्या. अर्ध्या रांगेला तीच खाज होती, फक्त मनकर्णाबाईची हातावर आल्यामुळं दिसली.

"मंग गुंडी कायले पळवली वो सुशीला?"

"भेव वाटलं, काकू."

"मलेही वाटलं होतं."

फोड सुकेपर्यंत, आठ-दहा दिवस, चिखलात उतरायचं नाही असं इश्वरनं बजावलं. ऐन रोवण्यातले दिवस. मनकर्णाबाईनं रांगेकडं पाहिलं आणि सुशीलाला डोक्याशी उभं केलं.

"वाकडी गेली त मी येऊन उपटून टाकीन."

ती घरी आली, कोरडं नेसली. सुपात लाखोरीची डाळ घेऊन उंबऱ्याशी बसली आणि डाव्या हातानं खडे वेचू लागली.