निळ्या होडीच्या पलीकडून

आधीच सांगतो, मी असले अनुभव वाचायचो ते हसण्यासाठी. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव गेले, आणि देवांबरोबर भूतंही गेली. आबा, म्हणजे माझे वडील, तर या बाबतीत आणखी कडक. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की सरळ म्हणायचे, "डॉक्टरकडे न्या तिला, लिंबं कसली कापताय?" मी स्वतः आनंदनगर एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. तपासून बघितल्याशिवाय काही मानायचं नाही ही सवयच. तरी हे लिहितोय... कारण डोक्यात ठेवून चैन पडत नाही.

आम्ही बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात राहतो. आबा अंबरनाथला कारखान्यात टर्नर होते. रिटायर झाल्यावर काचबिंदूने त्यांचे डोळे गेले. पूर्ण गेले, उजेड-अंधारही कळत नाही. मला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद. सुट्टी मिळाली की मी आणि हरेश कॅमेरे घेऊन निघतो. हरेश उल्हासनगरचा, सिंधी. फोटोफ्रेमचं दुकान आहे त्याचं. फिरून आलो की मी आबांसमोर बसून एकेक फोटो तोंडी सांगतो. ते मान खाली घालून ऐकतात आणि मध्येच विचारतात, "शेपूट कशी होती? आखूड?"

गेल्या हिवाळ्यात मी आणि हरेश अंदमानला गेलो. पोर्ट ब्लेअरहून बोटीने शहीद द्वीप, ज्याला पूर्वी नील म्हणायचे. सकाळी भाड्याच्या स्कूटरवरून टुरिस्टांच्या गर्दीपासून लांब, मच्छीमारांच्या होड्या लागतात त्या बाजूला गेलो. ओहोटी संपून पाणी चढायला लागलं होतं. कुठे जाळी वाळत घातलेली, लांब एक बाई मासळी पसरत होती, केवड्याच्या झुडपात खंड्या ओरडत होता. मी भराभर फोटो काढत सुटलो.

मग तो दिसला. समुद्री बगळा, गडद रंगाचा — जवळजवळ काळाच. पाण्याच्या कडेला एक निळी होडी समुद्राच्या बाजूला कलंडून पडली होती. तिचा तळ आमच्याकडे, बुटक्या भिंतीसारखा, आणि वरच्या काठावर हा स्वस्थ बसलेला. मी वाळूत आडवा पडलो, फोकस लावला, दोन-चार फोटो काढले... आणि खिशातला फोन वाजला. घरचा नंबर. तिथे रेंज येऊन-जाऊन असते, म्हणून घाईने उचलला.

"आबा, मी नंतर करतो, इथे—"

"मिलिंद, त्या होडीच्या मागे जा."

"कुठल्या होडीच्या?"

"निळ्या. काळा बगळा बसलाय बघ तिच्यावर. खाली माणूस अडकलाय. हात दिसतोय त्याचा. पळ ना!"

फोन कट झाला.

हरेश जवळ आला. "क्या हुआ भाई? घरी सगळं ठीक ना?"

"आबा म्हणतायत, त्या होडीमागे माणूस आहे."

"आबा? तेरे आबा?" तो माझ्याकडे बघतच राहिला. मग एकदम म्हणाला, "अरे, बघ तर सही!" आणि आम्ही धावलो. बगळा उडून गेला.

पलीकडे खरंच माणूस होता. साठीचा असेल. होडीचा तळ खरवडत असताना टेकू निसटला असणार. पळायच्या आत होडी त्याच्यावर आली होती. तो पालथा पडलेला, होडीचा काठ पाठीवर, एक हात ओल्या वाळूत पसरलेला. प्रत्येक लाटेबरोबर पाणी त्याच्या तोंडापर्यंत येत होतं. हरेशने गुडघ्यावर बसून त्याचं डोकं वर धरलं. मी होडी उचलायला गेलो तर हलेना. मी ओरडत सुटलो. ती मासळीवाली बाई धावत आली, तिच्या हाका ऐकून झाडांतून आणखी माणसं आली. सगळ्यांनी मिळून होडी उचलली. त्याला बाहेर ओढलं तेव्हा तो निपचित होता... आणि मग खोकला. तो खोकल्याचा आवाज आला आणि मी तिथेच वाळूत बसलो.

बरगड्या मोडल्या होत्या, पण माणूस वाचला. संध्याकाळी दवाखान्याबाहेर त्याच्या बायकोने माझे हात धरले. "बाबू, आपको कैसे पता चला? उधर से तो कुछ दिखता ही नहीं."

"फोटो काढत होतो," एवढंच हिंदीत पुटपुटलो.

मग रेंज शोधत फिरलो आणि घरी फोन लावला. आई वैतागलेलीच होती. "काय झालंय तुझ्या बापाला? चांगले चहा पीत बसले होते. एकदम कप आदळला आणि म्हणाले, मिलिंदला फोन लाव. लागत नाही म्हटलं तर ओरडले माझ्यावर. परत परत लावायला लावला."

"मी कुठे जाणार ते तुम्हाला सांगितलं होतं का?"

"तू कुठे काय सांगतोस!"

म्हणजे फोन खरा होता. बोलले ते आबाच. मी आदल्या दिवसापासून घरी बोललो नव्हतो, फोटो पाठवले नव्हते. आणि पाठवून तरी काय, बघणार कोण होतं?

बदलापूरला आलो तेव्हा आबा गॅलरीत बसले होते. मी विचारायच्या आधी तेच म्हणाले, "सांग फोटो." हात सारखे मांडीवर चोळत होते. मी तो फोटो उघडला. निळी होडी, मागे पाणी, बगळ्याची चोच डावीकडे...

"उजवीकडे," आबा म्हणाले.

"आबा, फोटो माझ्यासमोर आहे."

"असेल. मला दिसला तो उजवीकडे बघत होता. मागे झाडं होती, नारळाची. आणि झाडांच्या अलीकडे तू. वाळूत आडवा, आमच्याकडे कॅमेरा लावून."

मी ज्या बाजूने फोटो काढला त्याच्या बरोब्बर समोरून, समुद्राकडून, हे दिसलं असतं. फोटो झूम करकरून पाहिला. होडीच्या वर, मागे, फक्त पाणी आहे.

"आमच्याकडे म्हणजे? अजून कोण होतं, आबा?"

"होतं कुणीतरी शेजारी. पाण्यात उभं. मी तिकडे वळून नाही बघितलं."

"का?"

त्यांनी हात पुढे केला, चाचपडत माझं डोकं शोधलं.

"तुलाच बघत होतो. केस किती पिकले रे तुझे."

ते कसं झालं, मला माहीत नाही. मी अजून मानत काहीच नाही. पण समुद्राचे फोटो काढायचं धाडस त्यानंतर झालेलं नाही.